गारढोण

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. लिहिलं तर काही जणांना लागेल, म्हणून टाळत होते. पण परवा एका ओळखीच्या घरी पुन्हा तोच प्रकार बघितला आणि आता लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. विषय वाइनचा आहे. सोवळ्यातल्या नातेवाइकांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. पण शक्यतो फिरू नका, कारण यात बाबा आहेत.

आधी वाइन कुठली ते सांगते. आम्ही तुलूझला राहतो, दक्षिण फ्रान्समध्ये. इथून गाडीने सवा तासावर, कार्कासोनच्या दक्षिणेला, ओद नदीच्या काठावर लिमू नावाचं छोटं गाव आहे. या गावाचं नाव तिथल्या फसफसणाऱ्या वाइनमुळे माहीत असतं, शॅम्पेनच्या आधीपासून आम्ही बुडबुडे करतोय असा त्यांचा दावा आहे आणि त्यासाठी ते १५३१ सालचा दाखला देतात. पण मी बोलतेय ती तिथली साधी, बिनबुडबुड्याची पांढरी वाइन. शार्डोने, शेनँ आणि मोझाक अशी तीन द्राक्षं, त्यातलं मोझाक निदान १५ टक्के असावंच लागतं. (शेनँ म्हणजे आपल्या नाशिकची शेनिन ब्लांक. उच्चार फ्रेंचांचा, द्राक्ष तेच.) आणि मुख्य म्हणजे, बाटलीवर 'लिमू' हे नाव लावायचं असेल तर ही पांढरी वाइन ओकच्या लाकडी पिंपातच आंबली पाहिजे आणि पुढच्या वर्षीच्या १ मेपर्यंत पिंपातच राहिली पाहिजे, असा १९९३ पासूनचा नियम आहे. फ्रान्समध्ये बाकी बहुतेक ठिकाणी पिंप वापरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. इथे सक्तीच आहे.

किंमत? मी आणते ती बाटली साडेनऊ-दहा युरोला पडते. इथल्या हिशोबाने दोघांनी बाहेर पिझ्झा खाल्ला तर त्याहून जास्त होतात.

ओकची वाइन म्हटल्यावर पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलं होतं, "कुठले ओक? सदाशिव पेठेतले का?" :-) असो.

तर झालं असं. २०२३ च्या दिवाळीला आई-बाबा आमच्याकडे होते. शनिवारी संध्याकाळी पंधरा-सोळा जणांना फराळाला बोलावलं. मी लिमूच्या चार बाटल्या आणून ठेवल्या होत्या. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांना वाइनमधलं कळतं. म्हणजे कळतं असं सगळे म्हणतात, आणि ते स्वतः त्याला विरोध करत नाहीत. ते आले ते बर्फाची पिशवी घेऊनच. स्वयंपाकघरातली माझी पुरण शिजवायची पातेली घेऊन तिच्यात बर्फ आणि पाणी भरलं आणि चारही बाटल्या आत उभ्या केल्या. "व्हाइट म्हणजे चिल्डच हवी वहिनी." मी म्हटलं, असेल बाबा.

तासाभराने वाइन ओतली गेली. एवढी गार की ग्लासांवर बाहेरून दव धरलं. सगळ्यांनी घोट घेतला. गृहस्थांनी ग्लास गरगर फिरवला, नाक खुपसलं आणि म्हणाले, "ओकी आहे. क्लोज्ड. नोज काहीच नाही, आणि शेवटी कडवट. दहा युरोत अजून काय मिळणार?"

बाबा तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे. आयुष्यात वाइन चारपाच वेळा घेतली असेल, तीही इथेच, माझ्या आग्रहाखातर. त्यांनी घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "फार गार आहे. वास लागत नाही." मग त्यांनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. थंडीत चहाची वाटी धरतात ना, तसा. आणि तसेच बसून राहिले. गृहस्थांनी लगेच सांगितलं, "काका, ग्लास दांडीला धरायचा असतो, हाताची उष्णता लागू द्यायची नाही." बाबांनी मान डोलावली, पण हात काढले नाहीत. पंधरावीस मिनिटांनी पुन्हा हुंगलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आईकडे वळून म्हणाले, "अगं, बेरीचा वास येतोय. लोणी कढवल्यावर खाली बेरी राहते ना, तसा. अगदी तसाच."

आणि गृहस्थ हसले. मोठ्याने. "काका, वाइन आहे ही, साजूक तूप नव्हे!" त्यांच्याबरोबर सगळे हसले. वाईट हेतूने नाही, दिवाळीचं वातावरण, कुणी काही बोललं की हसायचंच. बाबाही हसले.

मी काय केलं? मी चकल्यांचा डबा आणायला आत गेले.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबांनी तीस वर्षं सरकारी दूध डेअरीत काम केलं. त्यातली कितीतरी वर्षं पहाटे, गावोगावहून आलेले दुधाचे कॅन उतरवले जायचे त्या फलाटावर. कॅनचं झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि दोन सेकंदांत सांगायचं: घ्या, किंवा बाजूला ठेवा. प्रयोगशाळेतल्या चाचण्या नंतर. आधी नाक. गाईने लसूणघास खाल्लाय, कॅन नीट धुतलेला नाही, दूध आंबायला लागलंय, हे सगळं नाकाने. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी मला सांगितलेलं अजून आठवतं, गारठलेल्या दुधाचा वास कळत नाही, शंका असेल तर थोडं कोमट करून हुंगायचं. लोण्याच्या वासावर ज्या माणसाच्या घराची चूल पेटली, त्याला एक मनुष्य माझ्याच घरात, माझीच वाइन पिऊन सांगतो की हे तूप नाही.

आणि गंमत म्हणजे, अगदी शब्दशः, बाबा बरोबर होते.

हे कसं ते थोडं सविस्तर सांगते, कारण हसणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं, मलाही तेव्हा नव्हतं. द्राक्षाच्या रसात मॅलिक आम्ल असतं. हिरव्या सफरचंदात असतं तेच, चावल्यावर दात आंबवणारं. पिंपात वाइन आंबून झाली की बरेचदा जिवाणूंकरवी या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होऊ देतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. त्यामुळे आंबटपणा मऊ होतो. आणि हे होताना डायअसेटिल नावाचं एक द्रव्य तयार होतं. लोण्याला लोण्याचा वास ज्याच्यामुळे येतो ते द्रव्य हेच. तेच, त्याच्यासारखं दुसरं कुठलं नाही. दूध विरजताना जे जिवाणू काम करतात त्यांच्याच भाऊबंदांनी केलेलं. आता पिंपाचं बघा. ओकच्या फळ्या वाकवण्यासाठी पिंप आतून विस्तवावर भाजतात. त्या भाजण्यातून व्हॅनिला, भाजका पाव, थोडा धूर, बदाम असे वास लाकडातून वाइनमध्ये उतरतात. लोणी अधिक भाजकट वास. मराठीत या दोन्हींना मिळून एक शब्द आहे आणि तो बेरी आहे. इंग्रजीत त्याला चार शब्द लागतात, 'बटरी, टोस्टी, नटी, क्रीमी'. ते चार शब्द गृहस्थांनी म्हटले असते तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

पण त्यांना ते म्हणताच आले नसते, कारण त्यांनी बर्फात घालून त्या वासाचा गळा आवळला होता. माझं खरं भांडण इथे आहे.

वास म्हणजे हवेत उडालेले कण. द्रव जितका गार तितके ते कमी उडतात. यात फ्रेंच काही नाही, आपल्या घरातलं रोजचं ज्ञान आहे. हापूस फ्रिजमधून काढून लगेच कापला तर घमघमाट कुठे असतो? आजी आमरस करायची तो कधी बर्फासारखा वाढायची नाही. तूप थिजलेलं असलं की वरणभातावर घालून त्याचा वास येईपर्यंत आपण थांबतो. मग ग्लासाच्या बाबतीतच अक्कल कुठे जाते? आणि गारव्याने नुसता वास मरतो असं नाही. आंबटपणा आणि कडवटपणा पुढे येतो. ओकमधून थोडा तुरटपणा वाइनमध्ये उतरलेला असतो, तो साध्या तापमानाला अंगाला एक भरीवपणा देतो, शून्याजवळ नेला की जिभेला लागतो. म्हणजे 'क्लोज्ड' आणि 'शेवटी कडवट' हे दोन्ही दोष वाइनमध्ये नव्हते, माझ्या पुरणाच्या पातेलीत होते.

घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो. बर्फपाण्यात तासभर उभी केलेली बाटली त्याहून खाली जाते. ओकमध्ये वाढलेल्या पांढऱ्या वाइनला साधारण ११ ते १३ अंश लागतात. सगळ्याच पांढऱ्यांना असं नाही. फसफसणारी गारच हवी. दर्याकाठची हलकी, आंबट, कालवांबरोबर घ्यायची पांढरी असेल तर तीही गार चालते, नव्हे छान लागते. चुकतो तो 'व्हाइट म्हणजे चिल्ड' हा एका ओळीचा नियम, आणि तो जाणकारांकडूनच पसरतो. फ्रेंच लोकही यातून सुटलेले नाहीत, उगाच भ्रम नको. इथल्या कितीतरी खानावळींत बाटली आणून बर्फाच्या बादलीत आपटतात आणि जेवण संपेपर्यंत तिथेच ठेवतात. उलट टोकालाही जाऊ नये. तुलूझच्या जुलैत पारा ३८-३९ ला जातो, तेव्हा खोलीच्या तापमानाची पांढरी म्हणजे कोमट दारूचा भपका. मधलं काहीतरी असतं एवढंच म्हणणं आहे.

आता दुसरा मुद्दा. 'ओकी आहे' हे वाक्य. हे हल्ली दूषण म्हणून वापरतात. ही फॅशन नव्वदच्या दशकात आली. त्याआधी शार्डोने जगभर लोकप्रिय झाली, मग जो तो तिला ओकमध्ये बुचकळून काढायला लागला, आणि लोक इतके कंटाळले की 'एनिथिंग बट शार्डोने' अशी घोषणाच निघाली. तो कंटाळा खरा होता, हे मी मान्य करते. काही बाटल्या अजूनही अशा मिळतात की घोट घेतला की सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं, भुश्श्यासकट. पण मर्सोचं नाव निघालं की हेच लोक डोळे मिटून सुस्कारा टाकतात. मर्सोही शार्डोनेच, तीही ओकच्या पिंपातच वाढते. ती बर्गंडीची, पन्नास-साठ युरोंची, म्हणून तिचा ओक 'इंटिग्रेटेड', आणि लिमूची दहा युरोंची, म्हणून तिचा ओक दोष. मर्सो थोर आहे, नाही कोण म्हणतं. पण दोन गावांना दोन तराजू का?

लेबल बघून जीभ ठरते, हे बोर्दोच्याच संशोधकांनी दाखवलंय. २००१ साली मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय्यु या तिघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन बेचव लाल रंग घालून दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासासाठी विद्यार्थ्यांनी लाल वाइनचे शब्द वापरले. याच ब्रोशेने दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाइन दोन बाटल्यांतून दिली, एकीवर भारी लेबल, दुसरीवर साधं टेबलवाइनचं. भारी लेबलच्या बाटलीत लोकांना 'लाकडाचा छान वास, गुंतागुंत, तोल' सापडलं. साध्या बाटलीत तीच वाइन 'अशक्त, हलकी, सदोष' निघाली. म्हणजे ओकचा वाससुद्धा लेबल बघून गुण होतो किंवा दोष होतो. आमच्या गृहस्थांनी काही वेगळं केलं नाही, अख्ख्या जगाची रीत पाळली. त्यांच्यावर माझा राग त्यासाठी नाही.

स्वस्तात ओक म्हणजे फसवणूक, असंही काही जण म्हणतात. हा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे, त्यामुळे हिशोब मांडते. फ्रेंच ओकचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं. त्यात ३०० बाटल्या बसतात. नवं पिंप आठशे-नऊशे युरोंच्या घरात, पुढेही. ज्या झाडांचं करतात ती दीड-दोनशे वर्षांची असतात, त्यामुळे महाग असणारच. फ्रान्सच्या मध्यभागी त्रोन्सेचं जंगल आहे, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात जहाजांसाठी ते नीट राखून घेतलं. आता जहाजं लोखंडाची झाली आणि तिथल्या लाकडाची पिंपं होतात. तर, नवं पिंप एकदाच वापरलं तर बाटलीमागे तीन युरो नुसते लाकडाचे. तीनचार वर्षं वापरलं तर एका युरोच्या आत. म्हणून दहा युरोंच्या बाटलीत खरं पिंप बसू शकतं, जर थोडी नवी, बरीचशी जुनी अशी पिंपं वापरली तर. चार युरोंच्या बाटलीत ओकचा घमघमाट असेल तर मात्र समजावं की वाइन पिंपात गेली नाही, ओकच वाइनमध्ये गेला. टाकीत लाकडाचे तुकडे सोडतात, चहाच्या पुडीसारखे. युरोपात २००६ पासून त्याला परवानगी आहे. विष नाही ते, पण पिंपही नाही. आणि तुकडे वापरले असतील तर लेबलवर पिंपाचा उल्लेख करता येत नाही. म्हणून दुकानात उभं राहून मी फक्त एक ओळ शोधते, 'एल्व्हे आं फ्यू द शेन', ओकच्या पिंपात वाढवलेली. हे 'एल्व्हे' क्रियापद फ्रेंचमध्ये मुलांसाठीही वापरतात, लहानाचं मोठं करणं या अर्थी.

लिमूत तर या पिंपांचा दरवर्षी वसंतात लिलाव होतो, 'तोक ए क्लोशे' नावाचा, १९९० च्या सुमाराला सुरू झालेला. तोक म्हणजे आचाऱ्याची उंच टोपी, क्लोशे म्हणजे चर्चचा घंटेचा मनोरा. लिलावाच्या पैशातून आसपासच्या एकेका गावाचा मोडकळीला आलेला मनोरा दुरुस्त करतात. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी असते, तसंच. मला हे फार आवडलं. दहा युरोवाली म्हणून जिला नाक मुरडायचं, तिच्या जोरावर गावं आपले कळस सावरतात.

माझ्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. त्या दिवाळीला मी या वाइनसोबत काय ठेवलं होतं? चकली, तिखट चिवडा आणि ठेचा लावलेले वडे! मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, त्यात लोण्याबिण्याचं काय उरणार. नंतर करून करून कळलं की हिला खोबऱ्याच्या दुधातलं, कमी तिखटाचं काहीही मानवतं. ओल्या काजूंची उसळ (इथे ओले मिळत नाहीत, भिजवून करते), साध्या भाजलेल्या कोंबडीबरोबर छान, कोंते नावाच्या जुन्या चीजबरोबर फार छान. आणि सगळ्यांत भारी म्हणजे सुरळीच्या वड्या. त्यातलं ताक, खोबरं, बेसनाचा खमंगपणा, सगळं तिच्या ओळखीचं. फक्त वरच्या फोडणीतली मिरची काढायची. हसू नका, करून बघा.

माझी पद्धत सांगते, कुणाला वापरायची तर. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फ नाही. पाहुणे यायच्या पाऊण तास आधी बाहेर काढायची. उन्हाळा असेल तर वीस मिनिटं पुरे. ग्लास जरा पोटाळ घ्यायचा, तिसरा हिस्साच भरायचा. थर्मामीटरची गरज नाही: बाटलीला हात लावल्यावर माठातल्या पाण्याचा गारवा लागला की झालं. झोंबला तर थांबायचं. पहिला घोट घेऊन मत द्यायचं नाही. दहा मिनिटं गप्पा मारायच्या आणि पुन्हा हुंगायचं, कारण वाइन ग्लासातही बदलत जाते. उरलेली बूच लावून दुसऱ्या दिवशी घेतली तर पुष्कळदा अधिक चांगली लागते. आणि बाटली चुकून फार गार झालीच तर उपाय हातातच आहे. दांडीबिंडी विसरून ग्लास तळव्यांत धरायचा. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

बर्फ घालणाऱ्याला क्षमा आहे. नियम ऐकीव असतात, मीही पाळत होते. मला राग आहे तो हसण्याचा. चव आणि वास या गोष्टींत कुणी आपल्या आठवणीतलं काही सांगितलं, तर ते चूक कसं असेल? 'हॅझलनट' म्हणणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांनी ओलं हॅझलनट फोडून खाल्लंय? ग्रासचे वास, गूजबेरीचे वास, ओल्या चकमकीचे वास! चकमक कधी हुंगली होती हो तुम्ही? पुस्तकात वाचलेला शब्द म्हटला की जाणकार, आणि तीस वर्षं नाकाने पोट भरलेल्या माणसाने स्वतःचा शब्द म्हटला की गावंढळ. फ्रेंच माणूस वाइनमध्ये आजीच्या घरचा 'ब्रियॉश' शोधतो, तो काही स्वर्गातून पडलेला शब्द नाही, त्यांच्या बेकरीतला लोण्याचा पाव आहे. त्याला ब्रियॉश चालतो तर आम्हाला बेरी का नको? मी नंतर इथल्या एका दुकानदाराला बेरी म्हणजे काय ते हातवारे करून समजावून सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे याला 'बर न्वाझेत' म्हणतात, तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी, आणि हो, या वाइनमध्ये ते आहे. तो हसला नाही.

हे त्या संध्याकाळी बोलायला हवं होतं. यजमानीण म्हणून पाहुण्याचा मान राखला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण बाबाही पाहुणेच होते.

दुसऱ्या दिवशी एका बाटलीत थोडी उरली होती. मी ती नीट तापमानाला आणून बाबांना दिली आणि विचारलं, "कशी आहे?" त्यांनी हुंगलं. एक क्षण थांबले. मला दिसलं की त्यांना काहीतरी सापडलंय. मग ते म्हणाले, "छान आहे." एवढंच. पुढचे पाच आठवडे ते इथे होते. चीज, पाव, मध, कॉफी, काहीही दिलं तरी "छान आहे". ज्या माणसाने मला लहानपणी तांदळाचा वास घेऊन नवा की जुना ते ओळखायला शिकवलं, तो माझ्या घरात नुसतं छान आहे म्हणत राहिला.

परवा ज्या घरी गेलो होतो तिथे पुन्हा तीच बादली होती. या वेळी मी उठून बाटली बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. जरा शांतता झाली. गृहस्थही होतेच. म्हणाले, "वहिनी, गरम होईल." मी म्हटलं, "होऊ दे थोडी. बेरीचा वास येतो मग." त्यांना आठवलं की नाही, माहीत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी ग्लास हुंगला आणि काही बोलले नाहीत.

बाबा, हे आई तुम्हाला वाचून दाखवेल. एप्रिलची तिकिटं काल काढली, आईच्या मेलवर पाठवली आहेत. संध्याकाळी इथे अजून गार असतं, तपकिरी स्वेटर आणा. लिमूच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या आहेत, आणि लोणीही कढवायचं ठेवलंय, तुम्ही आल्यावर कढवू. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून हुंगायचं आहे. आणि या वेळी छान आहे म्हणायचं नाही.